पत्र्यावरचा शिलालेख : जुन्नर-आंबेगावातला एक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर

गेल्या खेपेला आपण नाणेघाटात होतो. नागनिकेचा शिलालेख, जकात, बैलांचे तांडे असं बरंच बोललो. आज तिथून फार लांब जायचं नाही. तालुका तोच, शेजारचा आंबेगाव जोडीला. काळ मात्र अगदी अलीकडचा, म्हणजे आपल्या आजोबांचा नि वडिलांचा. लेख वाचायचाय तोही दगडावरचा नाही, पत्र्यावरचा आहे. तो इथे टेबलावर उपडा करून ठेवलाय. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल, त्यांनी नंतर पुढे येऊन बघावा. आता बघताना हात लावला तरी चालेल, कारण तो बंद आहे आणि मी त्याचं पोट रिकामं केलंय. पोट रिकामं करणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. नावाची पट्टी केव्हाच गळून पडलीय, त्यामुळे कंपनी सांगता येत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावातून आला. मालकांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, सप्ताह, यात्रा, निवडणुकीची सभा, सगळीकडे तात्यांचा कर्णा. पुढे ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर आले तेव्हा हा धंद्यातून निवृत्त झाला, पण तात्यांनी तो विकला नाही. घरी नेला, रेकॉर्ड प्लेअर जोडला, लाकडी खोक्यात एक चांगला स्पीकर बसवला आणि वीसेक वर्षं गाणी ऐकली. मग एके दिवशी त्यातून धूर निघाला आणि तो माळ्यावर गेला. गेल्या वर्षी तात्या तो पोत्यात घालून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "सर, पोरं भंगारात घालत्याल. एकदा वाजला तर बघा. नाही वाजला तर मीच घालतो."

तर आजचं व्याख्यान म्हणजे या एका यंत्राची दुरुस्ती आहे. माझं म्हणणं एवढंच की, यातला प्रत्येक बिघाड कुठून आला हे विचारत गेलं, तर या दोन तालुक्यांचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास हाताशी लागतो. त्यातला बराचसा कुठल्याही गॅझेटिअरात सापडत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली साधारण १५० गावं निवडली. त्या गावांत शेतकऱ्यांचे गट केले आणि पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा त्यांच्यासाठी कार्यक्रम प्रसारित केले. लोक सार्वजनिक रेडिओभोवती जमायचे, ऐकायचे, मग आपसात चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, त्याचा अहवालही छापला गेला. इतिहासकार त्यात विकास, संवाद, लोकशाही शोधतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात बॅटरी दिसते. खेड्यात वीज नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन तऱ्हेचा दाब लागतो, एक तापायला अगदी थोडा आणि दुसरा प्लेटवर बराच मोठा. बॅटरीवरच्या सेटांत पहिला असायचा दीड व्होल्टच्या आसपास आणि दुसरा ९० व्होल्ट. एवढाली जाडजूड बॅटरी संपली की लोकशाही थांबली. (हशा.)

रेडिओ ऐकायला बॅटरी पुरायची, पण हजार माणसांच्या यात्रेत आवाज पोचवायला ती पुरत नाही. इथे नारायणगाव येतं.

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात ते उगीच नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, यात्रेची सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच मातीतल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या. तमाशाचं वाद्यांचं गणित मुळात उघड्या मैदानाचं आहे. ढोलकी, हलगी, कडी कोणत्याही विजेशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचतात. अडचण होते ती शब्दांची. बतावणीतला विनोद, वगातला संवाद मागच्या माणसाला कळला नाही तर तो उठून जातो. लाऊडस्पीकरने पहिल्यांदा सोय केली ती या बोलण्याची. कुजबुजलेलं वाक्यही पाचशे फुटांवर पोचायला लागलं. माझा असा कयास आहे, आणि तो कयासच समजा, की सोंगाड्याच्या विनोदाची चाल यामुळे बदलली. टायमिंग बारीक झालं. यावर कुणीतरी नीट काम करायला हवं.

आता हे यंत्र करतं काय? काचेच्या नळीत हवा नाही. मध्ये एक कांडी तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, भोवतीच्या प्लेटवर मोठा धन दाब असतो तिकडे ओढले जातात. फ्लेमिंगने १९०४ मध्ये एवढं केलं. दोन वर्षांनी डी फॉरेस्टने मध्ये एक जाळी घातली, ग्रिड. ग्रिडवर दाब किंचित हलवला की प्लेटकडचा प्रवाह पुष्कळ हलतो. पाटाच्या पाण्याला बारं धरणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं : फावडंभर माती इकडची तिकडे केली की पाण्याचा लोंढा वळतो. ताकद माणसाची नसते, पाण्याची असते. माईकमधून येणारा क्षीण आवाज म्हणजे ती फावडंभर माती.

या ॲम्प्लिफायरमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत. पुढे एक ईसीसी ८३, मागे जोडीने दोन ईएल ८४, आणि एसीचा डीसी करायला एक ईझेड ८१. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये फिलिप्सच्या सहकार्याने व्हॉल्व्ह बनायला लागले. आज परदेशातले शौकीन ते शोधत असतात. आपल्याकडे ते दिवाळीच्या साफसफाईत निघतात.

आता उघडू या. आणि इथे मी आवाज चढवून बोलणार आहे, कारण हे ऐकून कुणीतरी घरी जाऊन माळ्यावरचं काढणार, हे मला ठाऊक आहे. थेट प्लगात घालू नका. यात ३००-४०० व्होल्ट डीसी असतो. वायर काढली तरी तो फिल्टर कंडेन्सरमध्ये साचून राहतो. पोट रिकामं करणं म्हणजे हा साठा काढून टाकणं. पाच-दहा वॅटचा, काही हजार ओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या वायरींना जोडून कंडेन्सरवर धरायचा, मग मीटर लावून शून्य आलंय का ते बघायचं. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. एक हात खिशात. जुने मेकॅनिक हे सांगायचे तेव्हा आम्हाला वाटायचं ऐट आहे. ऐट नव्हती. दोन्ही हात आत असले तर प्रवाह छातीतून जातो.

झाकण काढलं आणि पहिली गोष्ट दिसली ती फ्यूज. किंवा फ्यूज नाही असं म्हणा. फ्यूजच्या जागी तांब्याच्या वायरीतल्या तीन तारा पिळून बसवल्या होत्या. आपण सगळे हसतो, पण जरा विचार करा. रात्री अकरा वाजता वग रंगात आलाय, फ्यूज उडाला, बदली फ्यूज गावात कुठेच नाही, आणि समोर दोन हजार माणूस. स्पीकरवाल्याने काय करावं? तात्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सर, फ्यूज उडाला तर मशीन वाचतं. पण मशीन बंद पडलं तर मी वाचत नव्हतो."

दुसरी खूण मागच्या बाजूला. पॉवर ट्रान्सफॉर्मरला तीन टॅप आहेत : २००, २२० आणि २४०. गावात जेवढा दाब असेल त्या खुंटीवर वायर लावायची. इथे वायर २०० वर लावलेली होती. नुसती लावलेली नाही, चांगली पक्की सोल्डर केलेली. म्हणजे ज्याने लावली त्याला माहीत होतं की ही हलवायची वेळ येणार नाही.

हे २०० कुठून आलं? वीज आली, आणि तिच्या पाठोपाठ पंप आले. विहिरीवरचे आले, मग नदीवरचे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आपल्याला माहीत आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, आणि आंबेगावात घोड नदीवरचं डिंभे. त्या डिंभ्याच्या पाण्याखाली मूळचं आंबेगाव गेलं, तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि मी तो टाळणार नाही. आजच्यापुरतं एवढंच की पाणी वाढलं, ऊस-द्राक्ष-टोमॅटो-कांदा वाढला आणि लाइनवर मोटारी वाढल्या. संध्याकाळी सगळे पंप एकदम चालू, की गावाच्या टोकाला दाब खाली बसायचा. बल्ब पिवळा व्हायचा, हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलेलं आहे.

दाब खाली बसला की व्हॉल्व्ह नीट तापत नाही, आवाज मरगळतो. मग स्पीकरवाला काय करणार? टॅप २०० वर. आता गंमत बघा. तमाशा रात्रभर चालतो. मध्यरात्र उलटते, पंप बंद होतात, आणि दाब वर उसळतो, समजा २५० पर्यंत. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. पण टॅप २०० वर असताना २५० आले तर हीटरला पोचतात जवळजवळ ७.९. प्लेटवरचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे संध्याकाळी उपाशी आणि पहाटे अजीर्ण. असे व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. तात्या सांगतात की ईएल ८४ ची जोडी त्यांना एक हंगामभर पुरायची, कधी तीही नाही. घरात रोज तास-दोन तास वाजवलेली जोडी कित्येक वर्षं चालते. हा फरक व्हॉल्व्हच्या गुणाचा नाही, आपल्या शेतीचा आहे.

जनरेटरवर चालवलं तर सुटका? तीही नाही. जनरेटरचा वेग मंदावला की दाबाबरोबर फ्रिक्वेन्सीही ५० च्या खाली येते, आणि त्यात कुणी थ्रॉटल न वाढवता नुसता दाब चढवला, की ट्रान्सफॉर्मरचं लोखंड तापायला लागतं.

फ्यूज नाही आणि ट्रान्सफॉर्मर तापतोय, म्हणजे पुढचं तुम्ही ओळखलंच. पॉवर ट्रान्सफॉर्मर एकदा जळालेला आहे आणि पुन्हा भरलेला आहे. ते कसं कळलं? बाकीच्या वायरिंगवर कापडी-रबरी इन्सुलेशन आहे, आणि ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणाऱ्या टोकांवर मात्र पंपाच्या मोटारीत घालतात तसल्या पांढऱ्या-पिवळ्या स्लीव्ह. वरून दिलेलं व्हार्निशही तेच, लालसर. तो भरला होता मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात! तात्यांनी दुजोरा दिला. मंचरला एका रिवाइंडिंगवाल्याने दोन दिवसांत करून दिला होता. मला हे फार आवडतं. पंपांनी ज्याला जाळलं त्याला पंपांच्या डॉक्टरनेच जगवलं. आणि त्या माणसाने काम उत्तम केलंय. मी मोजलं, तिन्ही टॅपवर आकडे बरोबर येतात. ज्याने आयुष्यात कधी रेडिओ उघडला नसेल त्याने वेढे मोजून, तार मोजून तसाच्या तसा भरला.

आता पहिल्यांदा वीज. त्याची आपल्याकडची रीत म्हणजे सिरीज बोर्ड. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो. १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब यंत्राच्या सिरीजमध्ये. एलईडी चालणार नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवले, बल्ब क्षणभर उजळला आणि विझत आला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. तो भगभगीत पेटून तसाच राहिला असता तर आत शॉर्ट आहे असं समजायचं आणि तिथेच थांबायचं. मग एकेक व्हॉल्व्ह चढवत जायचं. चढवण्याआधी काचेच्या आत वरच्या बाजूला चंदेरी मुलामा आहे ना बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेलीय, तो व्हॉल्व्ह संपला. आणि हो, स्पीकर जोडल्याशिवाय असला ॲम्प्लिफायर कधी वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून तोच जातो.

धूर कुठून आला होता ते यानंतर सापडलं, आणि ते व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधलं सगळ्यात नेहमीचं दुखणं आहे. पुढच्या आणि मागच्या व्हॉल्व्हमध्ये एक कंडेन्सर असतो, कपलिंग कंडेन्सर. त्याने आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. जुने कागदी कंडेन्सर वर्षानुवर्षं ओल धरतात. आपल्याकडे तर आषाढ-श्रावणात माळ्यावर काय होतं ते सांगायला नको, भीमाशंकरच्या बाजूला तर विचारूच नका. ओल धरली की तो गळायला लागतो. थोडा धन दाब मागच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचतो, आणि व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढायला लागतो. प्लेट लाल होते. अंधारात बघा, लालबुंद दिसते. मग रेझिस्टन्स जळतो, मग धूर. लोक व्हॉल्व्ह बदलतात, नवाही लाल होतो, मग म्हणतात हल्लीचे व्हॉल्व्ह भिकार.

तपासायचं असं : ईएल ८४ काढून ठेवायचा, बाकी चालू, आणि त्याच्या बेसवर ग्रिडच्या पिनेला मीटर लावायचा. शून्य हवं. माझ्याकडे एका बाजूला ११ व्होल्ट आले. कंडेन्सर दोन्ही बदलले, फिल्टरचेही बदलले, त्यांची नवी पिल्लं खाली बसवली आणि वरचे जुने डबे नुसते शोभेला ठेवले. दोन पिनांच्या जागी तीन पिनांची वायर घातली, चासीला अर्थिंग दिलं, खराखुरा फ्यूज बसवला. टॅप २४० वर नेला. मग कॅथोडच्या रेझिस्टन्सवर मीटर लावला. रेझिस्टन्स २७० ओहम, त्यावर १० व्होल्ट, म्हणजे ३७ मिलिअँपिअर. प्लेटवर ३०० व्होल्ट धरले तर साधारण ११ वॅट. ईएल ८४ ची प्लेट १२ वॅट सोसते. बसतंय हिशोबात. दुसऱ्या बाजूला मात्र ७ च व्होल्ट. तो व्हॉल्व्ह थकलाय.

आता जरा मागे जातो, कारण तात्यांनी हा घरी नेला तेव्हा एक मोठी अडचण आली होती. यात्रेचा ॲम्प्लिफायर आणि घरचा हाय-फाय हे भाऊ असले तरी स्वभाव वेगळे. कर्णे दोन-दोनशे फूट लांब टांगायचे असतात. एवढ्या वायरीत ताकद वाया जाऊ नये म्हणून ॲम्प्लिफायर १०० व्होल्टची लाइन देतो आणि प्रत्येक कर्ण्याजवळ छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. वीज मंडळ जे करतं तेच, लहान प्रमाणावर. घरच्या ८ ओहमच्या स्पीकरला ते चालत नाही. शिवाय कर्ण्याला ना खर्ज लागतो ना फार बारीक आवाज, त्यामुळे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर साधा.

विलायतेत याच गोष्टीवरून क्रांती झाली होती. १९४७ मध्ये विल्यमसन नावाच्या माणसाने ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात एक सर्किट छापलं. त्याचं सगळं मर्म आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये होतं. प्रायमरी आणि सेकंडरीचे वेढे एकावर एक नाही, तर थरांमध्ये एकमेकांत गुंफलेले. १९५४ मध्ये मलार्ड कंपनीने दोन ईएल ८४ वर दहा वॅटचं सर्किट घरबांधणीसाठी छापलं, आणि ते जगभर पोचलं. आपल्या टेबलावरचं सर्किट त्याचं लांबचं नातेवाईक आहे.

तात्यांना विल्यमसन माहीत नव्हता. त्यांना एवढं कळत होतं की रेकॉर्डवरची सारंगी कर्ण्यासारखी येतेय. ते परत त्या रिवाइंडिंगवाल्याकडे गेले. त्याने ८ ओहमचा ट्रान्सफॉर्मर भरून दिला, मोटारवाल्याच्या पद्धतीने, एकावर एक सरळ. खर्ज छान आला. वरचा आवाज बुजला. मग, हे मला उघडल्यावर दिसलं, तात्यांनी किंवा कुणीतरी तो सोडवून मधोमध कागद घालून दोन भागांत पुन्हा भरलाय. प्रायमरी अर्धी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी. हे त्यांनी कुठून आणलं? तात्या म्हणतात, "दोघं बसलो, डोकं लावलं. जवळ-जवळ ठेवलं तर बारीक आवाज निघून जात नसंल, असं वाटलं." एका मंडपवाल्याने आणि एका मोटार भरणाऱ्याने कानावर विश्वास ठेवून हे गाठलं. सायनवेव्ह घालून मोजलं तर १२ हजार हर्ट्झपर्यंत चांगलं चालतं. विल्यमसनच्या पंक्तीला बसणार नाही. पण सारंगी सारंगीसारखी येते.

दुरुस्तीनंतर एक गुणगुण राहिली होती. गुणगुणीचे दोन प्रकार असतात आणि कानाने ओळखता येतात. १०० हर्ट्झची, जरा चिरकी, ती फिल्टर कंडेन्सरकडून येते. ५० ची, खोल, ती हीटरच्या वायरिंगकडून किंवा अर्थिंगच्या घोटाळ्यातून. माझी ५० ची होती. पहिला व्हॉल्व्ह काढल्यावर थांबली, म्हणजे उगम तिथेच किंवा त्याच्या आधी. हीटरच्या दोन वायरी सुट्या पडल्या होत्या, त्या एकमेकींना पीळ घालून चासीच्या कोपऱ्याने नेल्या. गेली. नंतर उरली ती फक्त एक बारीक सळसळ. ती मात्र जात नसते. व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन एकेक करून प्लेटवर आदळतात, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे. शॉटकी या शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये याचा हिशोब मांडला.

या सळसळीवरून एक आठवण करून देतो. याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या चौकात आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली त्याचं एक कारण असं की डोंगरांच्या आडोशामुळे इथे रेडिओचा कोलाहल कमी. नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर! म्हणजे एकीकडे आवाज मोठा करण्यात हयात घालवलेली माणसं, आणि दोन डोंगर ओलांडून शांतता राखणारी. पण त्यांच्याही दुर्बिणीच्या तोंडाशी ॲम्प्लिफायरच बसतो, आणि त्यांचंही पहिलं भांडण या सळसळीशी, नि ठिणग्या टाकणाऱ्या विजेच्या तारांशीच असतं. तात्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्यांना बी लाइनवाल्यांचा तरासच की."

आता जे सांगायचं आहे ते मला जरा जड जातं. या चासीच्या आतल्या बाजूला, पत्र्यावर, पेन्सिलीने लिहिलेलं आहे. "पुढचा बदलला, चैत्र." "दोन्ही मागचे, चैत्र." "ट्रा. भरला, माघ." अशा अकरा नोंदी. माघ ते वैशाख यांच्या बाहेर एकच नोंद. म्हणजे यात्रांचा अख्खा हंगाम पत्र्यावर उमटलाय. व्हॉल्व्ह केव्हा गेले, कितीदा गेले, सगळं. याहून चांगला दस्तऐवज मला या धंद्याचा दुसरा कुठे मिळालेला नाही.

आणि मी असा एक दस्तऐवज आधी पुसलेला आहे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजूचा असाच एक ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला होता. मी उत्साहात. चासी पेट्रोलने धुतली, घासली, चकचकीत केली. मालक खूश झाले. धुताना आत काहीतरी लिहिलंय असं दिसलं होतं, पण मला वाटलं कुणाचा तरी फोन नंबर असेल. तो आजही वाजतो. काय लिहिलं होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही, कारण ज्यांनी लिहिलं ते गेले.

म्हणून या वेळी उलट केलं. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. पेन्सिलीच्या जागेला हात नाही. काढलेला प्रत्येक कंडेन्सर, जळका रेझिस्टन्स, आणि हो, त्या फ्यूजच्या तीन तारा, सगळं चिठ्ठ्या लावून या पिशवीत आहे. तरीही पेच सुटलेला नाही. २०० च्या टॅपवरचा तो पक्का सोल्डर मी स्वतः वितळवला. तो तसाच ठेवला असता तर पुरावा शाबूत राहिला असता, पण तात्यांना गाणं ऐकता आलं नसतं. संग्रहालयवाले माझ्यावर रागावतील. मी तात्यांची बाजू घेतली, कारण ते अजून आहेत आणि वस्तू त्यांची आहे.

वेळ होत आलीय. एक चिठ्ठी आलीय, ती घेतो : "एक बाजू ७ व्होल्टची आहे म्हणालात, ती का नाही बदलली?" चांगला प्रश्न. जोडी सारखी असावी लागते, हे बरोबर. माझ्याकडे नवी जोडी होती, मी देऊ केली. तात्यांनी तो थकलेला व्हॉल्व्ह हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, शेवटच्या हंगामात हाच घातला होता, राहू द्या. आवाज जरा बसका येतो. मी नवी जोडी खोक्यात घालून त्यांच्याकडेच दिलीय, आणि झाकणाच्या आत, त्यांच्या नोंदींच्या खाली, पेन्सिलीने लिहिलंय : "कपलिंग दोन्ही, फिल्टर, टॅप २४०. मागचा डावा तोच." या रविवारी हा परत त्यांच्या घरी जातोय. ज्यांना पुढे येऊन बघायचंय त्यांनी आत्ताच या, आणि टॉर्च घेऊन या, पेन्सिल पुसट आहे.